परक्याच्या हातचा घास

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायांचा मला राग येतो. आमच्या वस्तीनं छप्पन साली दीक्षा घेतली, घरोघरचे देव नदीत सोडले, तेव्हा भीतीही सोडली असं मी धरून चालले होते. पण शेजारच्या उकंडाची गोष्ट भीती वगळून सांगता येत नाही.

उकंडा गावाच्या नात्यानं माझा दीर. बाभुळगावच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायचा. धिप्पाड गडी, पण स्वभावानं गरीब गाय. त्याच्याआधी त्याच्या आईची, तुळसाबाईची, तीन पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. सुईणीनं 'सापडला' म्हणून उचलला आणि तुळसाबाईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून घेतला. टाकून दिलेलं पोर यम कशाला नेईल? अशी रीत होती. इतर बाया पोर चालायला लागलं की रीत विसरतात. तुळसाबाई विसरली नाही. तिनं त्याला जन्मात कधी 'लेका' म्हटलं नाही. "कोनाचा आहे कोन जाने," असंच सांगायची. त्याची बायको बाळंतपणात मेली, तेव्हाही तिनं त्याला जवळ घेतलं नाही.

एकसष्टच्या उन्हाळ्यात तुळसाबाईला लकवा मारला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण बोलायची. उकंडा घास घेऊन गेला की तोंड घट्ट मिटायची आणि कणगीमागच्या कोपऱ्याकडे बघून म्हणायची, "हा माहा नोहोय. तीन नेले ना तू? आता याच्याकडे काहून पाहून राह्यला?"

तो कोपरा मी स्वतः झाडलेला. तिथं काही नव्हतं. तरी ती बोलताना थांबायची, समोरून उत्तर आल्यासारखी मान हलवायची, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा.

माझ्या हातचं ती खायची. पण माझी चार पोरं, शेतातली मजुरी. शेजारीण कुणाचं हगणंमुतणं जन्मभर काढणार आहे का? महागावहून उकंडाची बहीण सत्यभामा आली. तिच्या घरी सासूच खाटेवर होती. ती स्पष्टच बोलली, "तुह्या हातचं खात नाही, दादा. माय उपाशी मरून राह्यली. तिले यवतमाळच्या आश्रमात ठेव."

उकंडा आश्रम पाहून आला. मला वाटलं, रडत येईल. तो हसत आला, म्हणून मी जास्त घाबरले.

"वैनी, तिथं एक मानूस साऱ्या बुढ्यांले खाऊ घालते. तो कोनाचाच कोनी नाही. साऱ्या जनी गपगप खातात. म्हंजे परकाच पाह्यजे ना? मी होतो परका."

"येडा झाला काय तू? अन् कामाचं?"

"जिन सोडतो. घरी दोर वळीन."

त्यानं मिशा काढल्या, मुंडासं बांधलं आणि दिवेलागणीला स्वतःच्याच दारावर थाप मारली. "मावशी, आश्रमातून आलो. तुमचं पाहाले ठेवलं मले."

तुळसाबाईनं त्याला निरखलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. "तो उकंडा गेला?"

"गेला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

चार वर्षं उकंडा आईला मावशी म्हणत राहिला. तिची कूस बदलायचा, चूळ भरवायचा, पाठीला तेल लावायचा. ती त्याला 'तुमी' म्हणायची. लोक हसले, त्यांना मी शिव्या घातल्या. पोटची पोरं करत नाहीत ते हा परका करत होता.

पासष्टच्या थंडीत तिचं अन्न तुटलं. मी शेक द्यायला गेले होते, उकंडा पेज भरवत होता. तिनं उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "माह्या लेका, तू जेवला काय रे?"

माझ्या डोळ्यांना धारच लागली. उभा जन्म हा माणूस या एका शब्दासाठी आसुसला होता. उकंडानं बोलायला तोंड उघडलं. मग त्यानं मान वर केली, तिच्या पलीकडे पाहिलं आणि अंग चोरून म्हणाला, "तुमचा लेक दूर गेला, मावशी. मी कामाचा मानूस आहो."

तिचा हात गळून पडला. पुढचा घास तिनं घेतलाच नाही. तिचा श्वास थांबला होता.

माझं डोकं फिरलं. "अरे मेल्या, दीक्षा घेतली ना तू? जाता जाता एकदा तरी माय म्हनाचं होतं!"

तो चिडला नाही. वाटी खाली ठेवत हळूच म्हणाला, "म्हनतच होतो, वैनी. पन ते कोपऱ्यातून उठलं ना."

कोपऱ्याकडे मान न वळवता मी तुळसाबाईचे डोळे मिटले.