मांजराच्या फोनमधली बाई

फुमिएने चाळीस वर्षांत एकही रेघ ओढली नव्हती. तेराई या कुंभारगावातल्या त्या घरात रेघा नवऱ्याच्या, यासुजीच्या, आणि रंग तिचे, अशी वाटणी होती. चिनीमातीच्या मांजरावर तो काळ्या रेघा काढायचा आणि ती त्यांवर रंग पसरायची. भट्टीत तो रंग वितळून काचेसारखा चमकायचा. काळी रेघ एकटी टिकत नाही. वरून रंगाचं पांघरूण मिळालं तरच ती पक्की होते, नाहीतर भट्टीतून निघाल्यावरही बोट लागताच पुसली जाते. म्हणजे यासुजीची सगळी कारागिरी बायकोच्या हातावर तगलेली. पण ‘छान केलंस’ एवढं म्हणायला गड्याची जीभ काही उचलली नाही. कायम तोंडात मिठाची गुळणी.

पुढे नाकादे व्यापाऱ्याने नवी टूम काढली. मांजराच्या कानांवर हेडफोन आणि पंजात मोबाइल.

“मांजर फोन करणार कुणाला? उंदराला?” यासुजी कुरकुरला. पण मांजरं रेखली. शेवटचं रेखून झाल्यावर त्याने कुंचला धुतला आणि त्याच आठवड्यात तो गेला.

ते शेवटचं मांजर तीन वर्षं फळीवर तसंच होतं. रंग भरला की यासुजीचं काम संपलं, आणि न भरावं तर धूळ झटकतानाही रेघ जायची भीती. फुमिए जेवायला त्या फळीकडे तोंड करून बसायची. घरात दुसरं होतं कोण?

एक दिवस नाकादे आला. “काकू, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात हात थरथरतो. माझ्याकडच्या मुलीला देऊ का रंगवायला?”

“हात तर लावू दे तिला!” फुमिए कडाडली.

दुसऱ्या सकाळी तिनेच मांजर खाली घेतलं. श्वास रोखून हिरवा भरला, पिवळा भरला, हेडफोनला जांभळा दिला. डोळ्यांच्या काळ्यावर रेघ पक्की करणारा बिनरंगी लेप सोडला. एकही रेघ हलली नाही. फोनचा पडदा तिला कोरा दिसला. कोरा आहे तर राहू दे पांढरा, म्हणून तिने तो तसाच सोडला.

भट्टी निवल्यावर तिने मांजर बाहेर काढलं आणि सवयीने ओल्या फडक्याने पुसलं. फडक्यावर काळं आलं.

चष्मा, वर भिंग, अशी ती खिडकीत धावली. फोनच्या पडद्यावर नखाएवढी बाई होती. अंबाडा, वाकलेली पाठ, हातात रंगाचा कुंचला. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसतं पांढरं.

“अहो, एकदा तोंडाने सांगायचं होतंत!” ती रिकाम्या घरात ओरडली आणि ढसाढसा रडली.

चेहरा काढावा असं मनात आलं. यासुजीचा कुंचला तिने उचललाही. मग तो खाली ठेवला आणि उरलेल्या बाईवर बिनरंगी लेप सोडून मांजर पुन्हा भट्टीत घातलं.

नाकादे खूश झाला. “वा काकू, फोनमध्ये बाई! पण हिचं तोंड कुठाय?”

“त्यांनी काढलं होतं,” फुमिए म्हणाली. “मीच पुसलं.”