शंभर वर्षं बंद असलेलं पाणी

लग्न होऊन मी या घरात आले, तर सासूने चूल दाखवायच्या आधी मला पाण्याचं सांगितलं. वरच्या टोलीतल्या, म्हणजे वरच्या वस्तीतल्या, त्या एका घरचं पाणी आपल्याला बंद, आणि आपलं त्यांना बंद. बोलणं चालतं, बैल मागणं चालतं, पण त्यांच्या दारी पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि त्यांच्या माणसाला पाणी विचारायचं नाही. जात एक, देव एक, ज्यावर दोघांचं धान पिकतं तो तलावही एकच. मी म्हटलं, काऊन? सासू म्हणाली, "सत्तावनपासून हाये."

मला वाटलं, सत्तेचाळीस म्हणायचं असेल, चुकून सत्तावन म्हणाली. नंतर कळलं, मागच्या शतकातलं, अठराशे सत्तावन. माझ्या नवऱ्याच्या आजाच्या बापाच्या वेळचं.

माझं माहेर प्रतापगडाच्या पायथ्याकडचं. तिथे यात्रेला आलेला माणूस महादेवाला जातो आणि दर्ग्यावरही डोकं टेकवतो, कोणी काही विचारत नाही. आणि इथे मेलेल्या माणसांचं भांडण जिवंत माणसं सांभाळून राहिलेली. बरं, त्यातला त्रास कोणाला? पाणी वाहणाऱ्या बायकांना. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, आणि त्यांच्या बांध्या लागून. रोवण्याच्या दिवसांत कमरेपासून वाकून वाकून जीव जायचा, त्यांचा मडका चार हातांवर भरलेला असायचा, आणि आम्ही आपल्या मडक्यासाठी चिखल तुडवत पार तलावाच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत जायचो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी या गावात पाहिलं.

गोष्ट अशी सांगत. आमच्याकडे काही लढाई झाली नव्हती. लढाईतून पळून आलेला एक शिपाई जंगलातून गावात आला, तो त्या घराने धानाच्या तणसाच्या, पेंढ्याच्या ढिगात लपवला. मागोमाग कंपनी सरकारची माणसं आली आणि आमच्या घराने बोट दाखवलं. घर जळालं, घरचा मालक धरून नेला, तो परत आला नाही. तेव्हापासून ते शहिदाचं घर आणि आम्ही फितुराचं घर. आमच्या सासऱ्यांना हे नाव लहानपणापासून ऐकू यायचं. भांडण विहिरीवर बादलीचं असो की ढोरानं धान खाल्ल्याचं, शेवट त्या शब्दावर.

आणि नशीब पाहा, सासऱ्यांचा जिवाचा सोबती त्याच घरातला. दोघांनी लहानपणी एकत्र ढोरं राखली, तलावात पोहले, दंडारीत नाचले. दंडार म्हणजे आमच्याकडे मंडईच्या, दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी, भर दुपारी, गावच्या मधोमध होणारा नाचगाण्याचा खेळ. दोघांचे गळे चांगले, त्यामुळे दंडार त्यांच्याशिवाय व्हायची नाही. पण दुपारच्या शिदोरीला दोघं दोन झाडांखाली बसायचे. सासऱ्यांच्या लग्नात हा सोबती मांडवाच्या बाहेर उभा राहून ढोलकी वाजवत होता, आणि पंगत बसली तसा घरी निघून गेला, हे सासू मला कितीदा सांगायची.

मी आले तोवर दोघं म्हातारे झाले होते. सोबत्याची बायको मेलेली, पोरी आपापल्या घरी, तो धाकट्या भावाच्या घरात राहायचा. सासऱ्यांना दमा होता. थंडी पडली की रात्रभर बसून काढायचे. त्यांना काही नको होतं, ना तीर्थ, ना नवं धोतर. एकच होतं मनात. मरायच्या आधी आपल्या सोबत्याने एकदा आपल्या घरापुढच्या छपरीत बसून जेवावं. हे ते कोणाजवळ बोलायचे नाहीत, पण मंडईला घरोघर पाहुणे जेवताना पाहिले की ते अर्ध्या ताटावरून उठायचे. मी वाढणारी, मला दिसायचं. खोटं कशाला सांगू, मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एवढं वाटतं तर जा ना, पी ना जाऊन त्याच्या घरी पाणी. पण नाही. गाव काय म्हणेल.

त्या वर्षी सत्तावनला शंभर वर्षं झाली म्हणून वरून हुकूम आला, गावोगाव कार्यक्रम करा. आमचे गुरुजी बाहेरचे, नागपुराकडून बदलून आलेले, तरणे, चांगल्या मनाचे. त्यांनी आमची गोष्ट ऐकली आणि त्यांचे डोळेच चमकले. गांधीबाबाचं नाव घेऊन सभेत म्हणाले, लढाईची आठवण करायची ती वैर वाढवायला नाही, मिटवायला. मंडईला दंडार करू या, आणि आपल्याच गावची गोष्ट करू या. शहिदाच्या घरचा माणूस फितूर होईल आणि फितुराच्या घरचा माणूस शहीद. शेवटी शहिदाचा आत्मा शंभर वर्षांनी परत येईल, फितूर त्याच्यापुढे पाणी धरेल, आत्मा ते पिईल आणि सगळे मिळून जयजयकार करतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, खेळ पाहायला मिळाला म्हणजे झालं.

वरच्या टोलीतला सोबत्याचा धाकटा भाऊ फुरफुरला, पण सोबती म्हणाला, "खेळच तं आहे गा. मी होतो फितूर."

आणि आमच्या सासऱ्यांचं काय सांगू. शंभर वर्षांत आमच्या घरच्या माणसाला कोणी चांगल्याचं सोंग दिलं नव्हतं. धान कापायला आलेलं, हलकं, लवकर पिकणारं धान तर गळायला लागलेलं, आणि हे संध्याकाळी तालमीला. खोकत जायचे, खोकत यायचे, आणि येऊन चुलीपुढे हात शेकत गाणं म्हणायचे. सासू म्हणायची, म्हाताऱ्याले पोरपन आलं. मी दिवसभर विळा चालवून मेलेली असायची, तरी ऐकायची. माणूस खूश असला की घर जरा हलकं वाटतं.

गुरुजींची एक चूक झाली, आणि ती बाहेरच्या माणसाचीच होणार. त्यांनी सगळं बोलणं लिहून दिलं. आमच्या दंडारीत गाणी तेवढी पाठ असतात, बोलणं ज्याने त्याने उभं राहून जोडायचं असतं. दुसऱ्याचं लिहिलेलं बोलला तर लोक हसतात, म्हणतात याला स्वतःची जीभ नाही. दोघांनी गुरुजींसमोर मान हलवली आणि कागद छपराच्या वाशात खोचून ठेवला. तालमीतही ते गाणीच म्हणत आणि बोलायची जागा आली की "इथी बोलू" म्हणून पुढे जात.

मंडईच्या दिवशी सकाळीच गुरुजी आमच्या दारात. म्हणाले, शेवटच्या प्रवेशाचं पाणी तुमच्याच घरचं हवं, फितुराच्या घरचं. पिणारे तर तुमचेच मामाजी, तुमचे सासरेच आहेत, मग बंद मोडायचा प्रश्नच नाही. सासू मला म्हणाली, दे. मी पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, चिंचेने घासला, आमच्या मडक्यातलं पाणी त्यात भरलं आणि नेऊन ढोलकीवाल्याजवळ ठेवला.

माणूस किती जमला होता. दोन्ही टोल्या, आजूबाजूची गावं, अर्जुनीकडचे मिठाईवाले, गोंदियाहून आलेले हिंदी बोलणारे बांगडीवाले. आम्ही बायका एका बाजूला पोरं मांडीवर घेऊन बसलो. खेळ रंगला. सासरे तरण्या माणसासारखे गायले. शिपायाला लपवलं, कंपनीची माणसं आली, आणि सोबती पुढे येऊन बोट दाखवून मोकळा झाला. लोकांनी फितुराला शिव्या घातल्या, एका बाईने शेणाचा गोळा फेकला. आता त्याने एक गाणं म्हणून आत जायचं होतं. तो गेला नाही. उभा राहिला आणि बोलायला लागला.

"मारा शेन. पन आयका. बाई माही घरात बाळंतीन पडली होती. त्याईनं टेंभे पेटवले होते, आख्खी टोली जाळतो म्हनत होते. मी एक घर देल्लं. काही चांगलं नाही केलं मी. पन तुमी माह्या जागी रायले असते तं काय केलं असतं, ते आपापल्या घरी जाऊन पाहा."

बाळंतिणीची गोष्ट फक्त आमच्या घरात होती. आमच्या बायका ती चुलीपाशी हळूच सांगत, बाहेर सांगून कोण ऐकणार. सासऱ्यांनी ती ढोरं राखायच्या वयात सोबत्याला सांगितली असणार, आणि त्याने ती इतकी वर्षं पोटात ठेवली होती. शंभर वर्षांत आमच्या घराची बाजू पहिल्यांदा गावापुढे मांडली गेली, आणि ती मांडली त्या घरच्या माणसाने. सासू पदरात तोंड घालून रडायला लागली.

मग शेवटचा प्रवेश. सासरे पांढरं धोतर पांघरून आत्मा होऊन आले. सोबत्याने गडवा उचलून पुढे धरला, म्हणाला, "पे गा, झालं आता." सासऱ्यांनी हात पुढे केला. गडव्यापर्यंत नेला. आणि तिथेच थांबले.

आडपडद्यामागून गुरुजी खुणा करत होते, प्या, प्या. सासऱ्यांचा श्वास लागला होता. म्हणाले, "मी मेलो ते मेलो. त्या राती माह्या बायकोनं लेकरं घेऊन कोनाच्या दारात पाय ठेवला? तुह्या दारात आली होती. तू कडी लावली होतीस आतून. नाही पेत मी. ने तुह्यं पानी."

हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कडीची गोष्ट ना त्या घरात होती ना आमच्या. त्यांनी ती उभ्या उभ्या जोडली, आणि ती खरीच वाटली. ढोलकी बंद पडली. ज्या माणसाने जन्मभर या एका घोटासाठी जीव टाकला, त्याच्याच तोंडून नाही निघालं. मला असा राग आला त्यांचा. वाटलं, उठावं आणि सांगावं, प्या ना मामाजी, आता तरी संपवा.

सोबती गडवा धरून उभा. पुढे धरलेला हात तसाच. मग त्याने गडवा आपल्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी गटागटा पिऊन टाकलं, मिशा पुसल्या आणि गडवा खाली ठेवला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं खेळातलंच आहे. गुरुजीही टाळ्या वाजवत होते, बिचारे. पण सासूने माझा दंड असा धरला की नखं रुतली. "माय वो, आपल्या घरचं पानी होय ते." आणि समोर पुरुषांच्या गर्दीतून त्याचा धाकटा भाऊ उठला आणि खांद्यावरचा दुपट्टा झटकून निघून गेला.

गुरुजींचा कार्यक्रम छान झाला असं तालुक्याला कळलं. आमच्याकडे मंडईच्या चौथ्या दिवशी, बंद मोडला म्हणून, पंच बसले. सोबत्याला म्हणाले, चूक झाली म्हण, दंड भर, मोकळा हो. तो म्हणाला, "तहान लागली होती, पेलो. चूक कायची?" तेवढ्यावर भावाने त्याचं ताट वेगळं केलं. पाणी बंद. ज्या घरासाठी त्याने जन्म काढला त्या घराच्या कोठ्यात, ढोरांच्या बाजूला, त्याने तीन दगडांची चूल मांडली. आमचं पाणी त्याला उघडलं आणि त्याच्या घरचं मिटलं. शांतीचं असं असतं हे गुरुजींना कोणी शिकवलं नसावं. ते दोनदा येऊन पंचांच्या पाया पडले, काही झालं नाही, आणि उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

पंच बसले त्याच संध्याकाळी सासरे स्वतः कोठ्यात गेले आणि सोबत्याला घेऊन आले. छपरीत दोन पाट मांडले. नव्या धानाचा भात, वरण, वांग्याची भाजी. ज्यासाठी आयुष्य काढलं ते समोर बसलेलं, आणि सासरे नुसता भात चिवडत राहिले. शेवटी ताटात हात ठेवून म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं ना गा. मंग तू कायले पेलास? मी रात्रंदिवस तेच इचार करून राहिलो. मी पेलो असतो तं तुह्यं घर नसतं गेलं."

सोबत्याने भात कालवला. मला म्हणाला, "पोरी, वरन घाल थोडंसं." मी घातलं. मग तो सासऱ्यांकडे न पाहताच बोलला.

"तू पेला असतास तं तो खेळ झाला असता. लोकाईनं टाळ्या वाजवल्या असत्या, आन आपन दोघं आपापल्या घरी जाऊन जेवलो असतो."

सासऱ्यांनी ताट पुढे ओढलं. मग दोघं जेवले.