निर्ण्याच्या रस्त्यावर मालक दिसेनात

आमच्याकडं चाळिशी उलटलेला माणूस रस्त्यानं पळताना दिसला की लोक "कुठं निघालाव?" असं विचारत नाहीत, "कोण गेलं?" असं विचारतात. मयतीची खबर आल्याशिवाय या वयात कोण पळतंय! कमलनगरात आमचा पळणाऱ्यांचा क्लब सुरू झाला तेव्हा रोज सकाळी कुणी ना कुणी मोटारसायकल थांबवून "बसा, सोडतो" म्हणायचं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, हसून पुढं जायचे. मी चिडायचे. अहो, पळायलोय म्हणजे पळायलोय, त्यात काय एवढं!

क्लब कसला, साखर वाढलेली माणसं ती. एक किराणा दुकानदार, एक बँकेतले अण्णा, आणि आम्ही दोघं नवरा-बायको, दोघंही शाळेत शिकवणारे. त्या हिवाळ्यात हुमनाबादकडच्या एका मंडळानं चाळिशीपुढच्यांची रिले ठेवली. चौघांनी चार टप्पे पळायचे, हातातला पाइपाचा तुकडा पुढच्याच्या हातात द्यायचा, शेवट निर्णा गावात. चौथा पुरुष गडी मिळेना म्हणून मला घेतलं. तिसरा टप्पा मालकांचा, चौथा माझा.

मला जायचंच नव्हतं. पावसाळ्यात मालकांच्या छातीत दुखलं होतं. बिदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पळा, पण हळू, आणि दुखलं की थांबा. ते शीळ घालत घरी आले. माझा जीव मात्र त्या दिवसापासून टांगणीला लागलेला. ते जिना चढले तरी माझे कान त्यांच्या श्वासाकडं. पण "पळू नका" म्हणायची सोय नव्हती. "तू मला म्हातारा करायलीस" म्हणाले असते.

शर्यतीच्या दिवशी, चौथा टप्पा सुरू व्हायचा त्या फाट्यावर मी उभी राहिले. पंजाबी ड्रेस, खाली बूट. शेंगा विकणारी बाई माझ्या पायांकडं बघून खुदुखुदु हसायली. एकेका संघाचा माणूस घामानं भिजून यायचा, पाइप द्यायचा आणि मटकन खाली बसायचा. आमचे येईनात. मी येईल त्याला विचारायला लागले, "पांढऱ्या टोपीवाले दिसले का वो?" कुणी म्हणालं, मागं असतील. कुणी नुसताच हात हलवला. मोबाइल होते, पण त्या शेतांमध्ये रेंज कुठली? मंडळाची जीप पहिल्या नंबरच्या मागं निघून गेली होती.

सगळ्यात शेवटी एक टक्कल पडलेले काका चालतच आले. म्हणाले, "माझ्या मागं कोन न्हाई ताई. रस्ता रिकामा हाय."

मागं नाही, पुढं नाही, मग माणूस गेला कुठं? दोन्ही बाजूंना तूर डोक्याएवढी. आत कुणी पडलं तर हाकेवरचं माणूसही दिसायचं नाही. मी उलट्या दिशेनं पळत सुटले. रस्त्याकडेच्या प्रत्येक चारीत वाकून बघायचे आणि बघायच्या आधी डोळे मिटायचे. देवा, इथं नको. या चारीत नको. एके ठिकाणी काहीतरी पांढरं दिसलं आणि टोपीच समजून मी चारीत उतरले. खताचं रिकामं पोतं होतं ते.

शेतातल्या बायकांनी विळे टाकले. "काय झालं वो बाई? कोन गेलं?" मी पळता पळता नुसती मान हलवली. झालं! आमच्याकडं अशा वेळी कुणी जास्त विचारत नाही, सरळ सोबत निघतात. माझ्यामागं दहा-पंधरा बायका, दोन म्हातारे, एक सायकलवाला. त्यातली एक तर रडायलाच लागली, कुणासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिचं रडणं ऐकून मला वाटलं, हिला कळलंय, मलाच कुणी सांगेना.

पुढं माझ्या नणंदेचं गाव. घर रस्त्याला लागूनच. तिला काय तोंड दाखवू, याच विचारात मी अंगणाशी आले, तर उंबऱ्याबाहेर मालकांचे बूट.

आत ते पलंगावर बसलेले. पाय धुतलेले, समोर ताटात शेंगांची पोळी.

"अवं, जीव गेला की माझा!" मी ओरडले. "लाज कशी वाटत न्हाई? तिथं मी मरायलेय अन् तुमी पोळ्या हाणायलाव!"

नणंद मध्ये पडली. "त्याला कामून बोलायलीस? सख्खा भाऊ दारात आला, त्याला कोरडाच जाऊ देऊ व्हय? मीच बसवलं."

खरंय, माहेरच्या माणसाला इथं कुणी तसं जाऊ देत नाही. दारातल्या गर्दीला कळलं की कुणी गेलेलं नाही, तशी हसाहशी झाली. रडणारी म्हणाली, "आता च्या तरी द्या." नणंद चुलीकडं गेली.

मी धापा टाकत खाली बसले. तेव्हा लक्षात आलं, पोळीचा एक तुकडाही मोडलेला नव्हता. मालकांचा हात हातात घेतला तर गार.

"दुखलं का?" मी हळूच विचारलं.

"न्हाई."

"मग?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग खाली बघून म्हणाले, "दुखंल म्हनून भ्यालो. अक्काचं दार दिसलं अन् पाय पुढं जाईनात. रोजच भ्याव वाटायलंय गं. तुला कसं सांगू?"

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी 'भ्याव' हा शब्द कधी ऐकला नव्हता. शाळेत पोरं त्यांना चळाचळा कापायची.

"मलाबी वाटायलंय," मी म्हणाले. "पावसाळ्यापासून."

आमच्यात चारचौघांत कुणी बायकोचा हात धरत नाही. त्यांनी धरला. दारात सगळं गाव उभं होतं, नणंद चहा घेऊन आली, कप पुढं करून थांबली, तरी त्यांनी सोडला नाही.