आडसाली का सुरू?

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कानाखाली गाठ आली तेव्हा त्यांनी ती गालगुंड ठरवून टाकली आणि वर हळद-चुन्याचा लेप लावून तीन महिने उसाला पाणी पाजत राहिले. मी सांगलीत शाळेत विज्ञान शिकवते. जगाच्या पोरांना शहाणं करायचं आणि घरात ही गत! शेवटी भांडून त्यांना कुंडलहून आणलं आणि गाठ काढली. कर्करोग निघाला, लाळेच्या ग्रंथीचा. फार क्वचित होतो म्हणे. आमच्याकडे बरा वाट चुकला नाही.

गाठीचा तुकडा तपासणीला गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की वाढीला लागलेल्या पेशींत एक प्रथिन दिसतं. शंभरातल्या किती पेशींत ते आहे, त्यावरून रोग पुढे किती जोर करील याचा अंदाज बांधतात. रिपोर्ट येईपर्यंतचे दहा दिवस मी फळ्यावर काय लिहिलं ते मलाच माहीत नाही. आबा मात्र निवांत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

"पाच टक्के," रिपोर्ट बघून बाई हसल्या.

आबांचा चेहरा पडला. "पाचच? उतारा लयच कमी पडला की वो."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला टक्के म्हणजे एकच गोष्ट, उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा. तो पाच टक्के पडला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"आवं आबा, हितं कमी तेच चांगलं!" मी ओरडलेच. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले.

"व्हय? मग म्याडम, येवढंच सांगा. आडसाली लावू का सुरू?"

बाई पुण्याच्या. त्यांना ती औषधांची नावं वाटली. मला मात्र हसता येईना. सुरू ऊस वर्षात तुटतो, आडसालीला दीड वर्ष लागतं. निवांत दिसणारा माझा बाप दहा दिवस हेच मोजत बसला होता. माझा सगळा राग तिथंच विरघळला आणि मी पदराने डोळे पुसत बाईंना तो प्रश्न उलगडून सांगितला.

त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "आबा, हा अंदाज आहे, हमी नाही. किरणांचा शेक घ्यावा लागेल, तपासणीला यावं लागेल. पण तुमच्या जागी मी असते तर आडसालीच लावला असता."

"अंदाज कारखान्याचाबी आसाच आस्तोय," म्हणत आबा उठले.

तो आडसाली गेल्या महिन्यात तुटला. दर तपासणीला मी अजून रजा टाकून सोबत जाते. काल तपासणी ठीक निघाली, तेव्हा परतताना मी म्हटलं, आता रान मोकळं झालंय, जरा बसा घरी.

"मोकळं कुठलं? बुडख्यास्नी फुटवं आल्यात. खोडवा राखनार हाय."

तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक म्हणजे खोडवा. त्याला आणखी एक वर्ष लागतं.

"म्याडमना विचारू का?" मी म्हटलं.

"ईचारू नगं," आबा म्हणाले. "सांग."