चोवीसचा फॉन्ट
लॅमिनेशनच्या गरम प्लॅस्टिकचा वास आला की उंब्रजमधलं ते टायपिंगचं दुकान आठवतं आणि डोकं तडकतं. नोकरीच्या मुलाखतीच्या सूचनांची मराठी फाईल माझा बोलणारा कॉम्प्युटर 'सेमीकोलन, स्लॅश, के' अशी वाचत होता, कारण फॉन्ट जुना होता. मला दिसत नाही, युनिकोडमध्ये करून द्या, म्हणजे कॉम्प्युटर नीट वाचून दाखवेल, असं दुकानदाराला तीनदा सांगितलं. त्यानं गरमागरम कागद हातात ठेवला. "आवं मॅडम, चोवीसचा फॉन्ट केलाय, वर लॅमिनेशन बी. बघा की, लय ठळक दिसतंय!" शेवटी त्यालाच वाचायला लावलं. शेवटच्या ओळीवर तो अडखळला: 'अंध उमेदवारांनी वरील सूचना स्वतः वाचून सही करावी.' मी सही केली. नोकरी लागली. ऑफिसच्या फायली अजून त्याच जुन्या फॉन्टमध्ये येतात.