अडलेलं अंडं

देवपूरच्या आमच्या घरी मी रीतसर नोंद करून बॉल पायथन पाळली होती. हा आफ्रिकेतला छोटा अजगर; घाबरला की अंगाचा चेंडू करतो. सासरे, म्हणजे आमचे आबा, तिच्या खोलीत पाऊल टाकत नसत.

नराशी जोडी लावल्यावर त्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदाच अंडी घातली. एका सकाळी पेटी उघडली तर पाच पांढरीशुभ्र अंडी एकमेकांना चिकटलेली, भोवती ती. मी आनंदाने ओरडलेच. पण तिचं वेटोळं सैल होतं, आणि शेपटीच्या जरा वर हाताला टणक गाठ लागत होती. शेवटचं अंडं अडकलं होतं.

कोमट पाण्यात ठेवून पाहिलं, दोन दिवस वाट पाहिली. ती मलूल होत गेली. धुळ्यातले डॉक्टर म्हणाले, "गाय-म्हैस असेल तर आणा, ताई." शेवटी साप तपासणाऱ्या जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागला. पण तिथवर ती तग धरेल का, या धास्तीने मी ओट्यावर रडत होते, तेवढ्यात आबा दारात आले.

"बाळंतीण अडेल शे ना? मंग बशी काय ऱ्हायनी? चाल!"

कापडी पिशवीत ती, आणि पिशवी आबांच्या मांडीवर. जळगाव येईपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली. "दाबून काढलं तर आतून फाटेल. सुईने अंड्यातला बलक ओढून घेऊ. हे अंडं जाईल, पण ही वाचेल."

मी तिचं अंग धरलं. डोकं आबांनी धरलं. सुईत दाट पिवळं उतरू लागलं, तसा माझ्या बोटांखालचा फुगवटा हळूहळू बसला. झालंच आता, असा धीर देत आबा तिला म्हणत होते, "हां माय, व्हयनं, व्हयनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चिपाडासारखं चेपलेलं अंडं बाहेर टाकलं आणि ती घटाघटा पाणी प्यायली. मी घरभर नाचले.

उरलेली पाच मी थर्माकोलच्या उबदार खोक्यात ठेवली होती. दोनेक महिन्यांनी एका अंड्याला बारीक चीर दिसली, आणि चिरेतून ओलं, इवलंसं नाक. संध्याकाळपर्यंत पाचही फुटली. आबांनी सगळ्या गल्लीला हाक मारली, "या रे, बठ्ठा या! आम्हना घर पाच जण वनात!"

आणि त्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही.