कपाटातलं विज्ञान

आमच्या शाळेत विज्ञान नव्हतं असं कोणी म्हणू नये. ते होतं, हेडसरांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. सरकारकडून आलेल्या परीक्षानळ्या, चंचुपात्रं, मोजपात्रं. विज्ञानाच्या तासाला आम्हाला तिथं रांगेनं नेत. सर काचेवर पट्टी टेकवून सांगत, "हे मोजपात्र. यानं द्रव मोजतात." आम्ही माना डोलवायचो. हात लावायची सोय नव्हती, कारण काही फुटलं तर तालुक्याला जाब कोण देणार? तपासणीला साहेब येत, कपाटाची चकाकी बघून खूश होत आणि पापलेट जेवून जात.

मला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी दहावीनंतर सायन्सला जायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तारापूरकडच्या आमच्या कोळीवाड्यातून तोवर एकही मुलगी सायन्सला गेली नव्हती.

दहावीची प्रयोगपरीक्षा बोईसरच्या एका मोठ्या शाळेत होती. तिथली मुलं चंचुपात्रं घरच्या पेल्यांसारखी उचलत होती. मी मात्र देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तशी दोन्ही हातांनी. परीक्षकांनी सांगितलं, "पन्नास मिलिलिटर पाणी मोजून घे."

मी रेघेपर्यंत पाणी भरलं. मग वर आणखी थोडं ओतलं. आई बाजारात सुका जवळा मापानं विकायची, मीही तिच्याजवळ बसायची. माप भरलं की वर एक मूठ टाकायची, ही आमची रीत. नाही टाकली तर गिऱ्हाईक तोंडावर चिकट म्हणतं.

"हे पन्नास आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"हो सर, पन्नासच. वरचं आपल्याकडून."

सगळा वर्ग हसला. परीक्षकही हसले, आणि हसत हसतच त्यांनी गुण कापले. पुढचं द्रावणही अर्थात बिघडलं.

निकाल लागला. पास झाले, पण सायन्स थोडक्यात हुकलं. आईला काही उमजेना.

"कमी भरलंस का गं?"

"नाय, जास्ती भरलं."

"मग गुण कशाला कापले? जास्ती दिल्यावर पन कोन रागावतो का?"

मला हसूही आलं आणि रडूही. आईच्या मांडीत डोकं खुपसून मी पोटभर रडले.

शाळेचा दाखला आणायला गेले तेव्हा हेडसर हळहळले. मनानं चांगलेच होते ते. म्हणाले, "अगं, एवढं साधं मोजपात्र! कपाटात किती वेळा दाखवलं होतं!"

"दाखवलं होतं ना सर," मी म्हटलं. "म्हणून तर ओळखलं. भरायची वेळ तेवढी पहिली होती."

सरांनी सही करून दाखला माझ्या हातात दिला. वर्तणूक चांगली, असं त्यावर लिहिलं होतं. तो घेऊन मी पालघरला गेले आणि आर्ट्सच्या रांगेत उभी राहिले.